सुटींतील संशोधन आणि शेतकऱ्याचें मूल

वार्षिक परीक्षा संपून उन्हाळ्याची सुटी लागली, म्हणजे शेतकऱ्याच्या घरीं शाळेंतील मूल हा एक जादा हातच होतो. पऱ्हाटी उपटणें, धसकटें वेंचणें, शेणखत पसरणें, हीं कामें त्याची वाटच पाहत असतात. शहरांतील कांहीं मुलें याच दिवसांत फी भरून विज्ञानाच्या शिबिरांस जातात. ती फी आपणांस झेपत नाहीं, तेव्हां संशोधन हें आपल्या मुलांचें कामच नव्हे, अशी आमच्या पुष्कळ बंधूंची समजूत आहे. ही समजूत चुकीची आहे, असें आम्हांस स्पष्ट सांगावयाचें आहे.

भारतीय अंतराळ संशोधन संस्थेनें २०१९ सालीं ‘युविका’ नांवाचा उपक्रम सुरू केला. त्यांत नववीच्या विद्यार्थ्यांस उन्हाळ्यांत सुमारें दोन आठवडे संस्थेच्या केंद्रांत नेऊन शास्त्रज्ञांच्या सहवासांत ठेवितात. प्रवास, निवास व भोजन यांचा खर्च संस्थाच सोसते. निवडींत आठवीचे गुण पाहतात आणि खेड्यांतील शाळांच्या मुलांस झुकतें माप देतात. २०२४ व २०२५ सालीं अर्ज फेब्रुवारी-मार्चांत मागविले होते. वेळेवर बातमी न कळणें, हीच आपली खरी अडचण होय.

परंतु अशा जागा साऱ्या देशांत कांहीं शेंच. बाकीच्या मुलांनीं काय करावें? आपल्याच जिल्ह्यांतील लोणारचें पाणी जून २०२० मध्यें गुलाबी झालें, तेव्हां पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें तें तपासून क्षारप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचें कारण दाखविलें. त्या शोधाचा आरंभ बाटलीभर पाण्यानेंच झाला. आपल्याकडे जळगांव जामोद, संग्रामपूर, शेगांव, नांदुरा या बाजूस पूर्णेच्या खोऱ्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. भूजल खातें ठराविक निरीक्षण विहिरींचीच पातळी मोजतें. आपल्या शिवारांतील प्रत्येक विहिरीची वही कोण ठेवतो? दोरी, वजन व वही घेऊन मुलानें आठवड्यास एकदां पातळी मोजावी. पावसाळ्यापूर्वीं व नंतर पाण्याचा नमुना तपासणीस पाठवावा. पांच वर्षांची अशी वही नवी विहीर खणावी कीं नाहीं, याविषयीं ऐकीव सल्ल्याहून अधिक खरें बोलेल. संशोधन म्हणतात तें हेंच.

म्हणून आमची सूचना अशी. संघाच्या प्रत्येक शाखेनें फेब्रुवारींतच गांवच्या मुख्याध्यापकांस भेटावें आणि ज्यांच्या घरीं संगणक नाहीं त्यांचे अर्ज स्वतः भरून द्यावे. विहिरींच्या वहीकरितां गांवोगांव दोन विद्यार्थी निवडावे; त्यांत एक मुलगी असावी. नमुन्यांविषयीं कृषि विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.

“कामाच्या दिवसांत पोर मोकळें कसें सोडावें?” हा प्रश्न आम्ही क्षुल्लक मानीत नाहीं. जें विनामूल्य म्हणतात, त्याचेंही मोल गरिबाला बुडालेल्या कामानें भरावें लागतें. तें मोल एकट्या बापावर पडूं नये. ज्या घरच्या मुलाची निवड होईल, त्याच्या शेतावर गांवानें एक दिवस इर्जिक करावी. पेरणीसाठीं जें आपण करीत आलों, तें विद्येसाठीं कां करूं नये?