भाकरीच्या रांगेत कला कुठे?

आज ५ नोव्हेंबर. १८४३ साली याच दिवशी सांगलीत, संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने, विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आणले. म्हणून हा मराठी रंगभूमी दिन. आज गावोगावी नटराजपूजन होईल, सत्कार होतील, भाषणे होतील. पण उद्या कुठल्याशा नाट्यगृहाच्या दुरुस्तीचा विषय निघाला की ‘आधी भाकरी, मग कला’ हेच ऐकावे लागेल. हे म्हणणे आम्हाला मान्य नाही आणि ते खोडून काढायला पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची रंगभूमी पुरेशी आहे.

गडचिरोली जिल्ह्यातले वडसा हे झाडीपट्टीच्या नाटकांचे केंद्र. दिवाळी सरली, धान हाती आले की पूर्व विदर्भातल्या खेड्यांतली मंडळे तिथल्या नाट्यकंपन्यांच्या कचेऱ्या गाठतात, नाटक पसंत करतात, तारीख पक्की करतात. गावात मंडप पडतो. रात्री उघडलेला पडदा पहाटेपर्यंत मिटत नाही. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, घरे पाहुण्यांनी भरतात, त्याच गर्दीत सोयरिकीही जुळतात. हा मुलूख सुखवस्तू नव्हे. पावसावरचे धान, जंगल आणि मजुरी यांवर जगणारा इथला माणूस तिकीट काढतो आणि कडाक्याच्या थंडीत रात्रभर नाटकाला बसतो. भाकरीचे मोल त्याला कुणी शिकवायला नको. तरीही नाटक त्याला वर्षाच्या खर्चात हवेच असते, कारण एरवी ज्या दुःखाला वाचा फोडता येत नाही, ते तिथे कुणीतरी मोठ्याने बोलते आणि सारा गाव एकत्र बसून ते ऐकतो. २०२३ साली परशुराम खुणे या झाडीपट्टीच्या कलावंताला पद्मश्री मिळाली. तोवर पुण्या-मुंबईच्या नाट्यचर्चेत या रंगभूमीला फारशी जागा नव्हती, ही आपली मोठीच उणीव.

समाजाला कलेचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांनी १९२१ साल आठवावे. केशवराव भोसले आणि बालगंधर्व हे दोन प्रतिस्पर्धी नाटकमंडळ्यांचे धनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’च्या प्रयोगात एकत्र उभे राहिले. त्यानंतर काही महिन्यांतच केशवराव गेले. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधलेल्या नाट्यगृहाला पुढे केशवरावांचेच नाव मिळाले. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते नाट्यगृह आगीत जळाले. तिथे जमलेल्या कोल्हापूरकरांचे डोळे भरून आले. घरातले माणूस गेल्यावर यावेत तसे.

असे रडू येणारे शहर भाग्यवानच; पण ते रडू येईपर्यंत थांबायचे का? तालुक्याच्या गावांत नाट्यगृहे बांधली जातात, कोनशिला बसते आणि पुढे रंगपटाचे छत गळते, ध्वनियंत्रणा बंद पडते, हौशी संघाला तालमीसाठी शाळेचा वर्ग मागत फिरावे लागते. नगरपालिकांनी नाट्यगृहाच्या देखभालीची तरतूद पाणी आणि दिवाबत्तीसारखी दरवर्षी, ठरलेली ठेवावी. हौशी कलावंतांसाठी तालमीची जागा नाममात्र भाड्यात खुली करावी. अंदाजपत्रकाची तयारी आता सुरू होईल. आज व्यासपीठावर बसणाऱ्या लोकप्रतिनिधींनी हार स्वीकारण्याआधी यासाठीचा एक तरी आकडा जाहीर करावा.