केसपेपरावरचा एक शब्द

परळच्या केईएम रुग्णालयात सकाळी केसपेपरासाठी रांग लागते. त्या रांगेत लालबागच्या चाळीतील गिरणी कामगाराचे कुटुंब असते, गिरगावातील एखाद्या वाडीतले निवृत्त कारकून असतात आणि दादरहून महाविद्यालयीन मुलीला घेऊन आलेली आईही असते. मानसोपचार विभागातून बाहेर पडताना केसपेपरावर डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात एक शब्द उमटलेला असतो. तो मलेरिया असता, तर महिन्याभरात विस्मरणात गेला असता. हा शब्द मात्र शेजाऱ्यांपासून जपला जातो, मुलीला स्थळ पाहताना लपवला जातो आणि घरातल्या भांडणात नेमका बाहेर काढला जातो.

आयुष्यावर असा भार टाकणारा शब्द ठरतो कसा? मलेरियाचे जंतू रक्ताच्या काचेवर दिसतात. बहुतेक मानसिक आजारांना अशी काच नाही. रुग्णाचे बोलणे, नातेवाइकांची हकीकत आणि डॉक्टरांची नजर एवढ्यावर निदान होते. म्हणूनच त्याला दोन कसोट्या लावाव्या लागतात. एकाच रुग्णाला दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तपासले, तर त्यांचे मत जुळते का, ही विश्वसनीयता. आणि जुळलेल्या मताला खरोखर एखादा वेगळा आजार आधारभूत आहे का, ही सप्रमाणता. दादरच्या भाजीबाजारातील काटा दर खेपेस किलोमागे शंभर ग्रॅम कमीच तोलत असेल, तर त्याची विश्वसनीयता उत्तम म्हणावी लागेल; गिऱ्हाईक मात्र लुबाडले जाईल.

पहिल्या कसोटीचा निकाल अमेरिकेतच लागला. तेथील मनोविकारतज्ज्ञ संघटनेने मे २०१३ मध्ये निदानग्रंथाची पाचवी आवृत्ती, म्हणजे डीएसएम-५, प्रसिद्ध केली. त्या वेळी संघटनेचे अध्यक्ष होते डॉ. दिलीप जेस्ते, पुण्यात वैद्यकी शिकलेले आणि मुंबईत मानसोपचाराचे धडे गिरवलेले. ग्रंथातील निकष अमेरिका व कॅनडातील ११ केंद्रांत प्रत्यक्ष रुग्णांवर पडताळले गेले होते. मते केवळ योगायोगाने जुळत असतील तर शून्य आणि पूर्ण जुळत असतील तर एक, अशी ही मोजपट्टी. तीवर मोठ्या आघातानंतरच्या मनोविकाराला ०.६७ गुण मिळाले, स्किझोफ्रेनियाला ०.४६. दैनंदिन व्यवहारात सर्वाधिक आढळणाऱ्या नैराश्याला मात्र अवघे ०.२८ आणि सततच्या चिंताविकाराला ०.२०. जो शब्द सर्वांत जास्त केसपेपरांवर लिहिला जातो, त्यावरच दोन जाणत्या डॉक्टरांचे इतके कमी एकमत!

यावरून मानसोपचार म्हणजे थोतांड, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतील. तो उतावीळपणा ठरेल. या चाचणीत निवडक, सोपे रुग्ण घेतलेले नव्हते. एकाच माणसात दोन-तीन विकारांची सरमिसळ होती. शिवाय नावाविषयी मतभेद असले, तरी रात्र-रात्र डोळा न लागणाऱ्या माणसाचे दुःख खोटे ठरत नाही. या आकड्यांच्या आधारे कोणी चालू औषध परस्पर बंद केले, तर तो आत्मघात होईल.

दुसरी कसोटी अधिक अवघड आहे आणि ती आपल्या अभिमानाच्या विषयालाही लागू पडते. केईएममध्ये डॉ. एन. एस. वाहिया यांनी पतंजलींच्या योगविचारावर आधारलेली उपचारपद्धती रुग्णांवर तपासली. एका गटाला पूर्ण साधना, दुसऱ्याला वरवर तशीच दिसणारी अपुरी साधना, अशी तुलना करून त्यांनी १९७३ मध्ये निष्कर्ष मांडले. लेखकांत तरुण जेस्तेही होते. योगाचे गोडवे गाणारे अनेक असतात; त्याची परीक्षा घेण्याची शिस्त परळमध्ये पन्नास वर्षांपूर्वी दाखवली गेली, हे विसरता कामा नये. परंतु त्या रुग्णांचे निदान होते ‘न्यूरोसिस’. १९८० च्या डीएसएम-३ ने वर्गीकरणाचा हा पायाच काढून घेतला आणि त्या एका नावाखालचे रुग्ण अनेक नावांत विभागले. मग तो उपचार नेमक्या कोणत्या आजारावर गुणकारी ठरला? पेटीवरची चिठ्ठीच बदलली, तर आतल्या ऐवजाचा जुना हिशेब लावायचा कसा? असा प्रयोग आज पुन्हा करावयाचा, तर प्रथम रुग्णांच्या नेमक्या तक्रारी नोंदवाव्या लागतील. निदानाचे नाव त्यानंतर.

अंगात येणे हे याहून बोलके उदाहरण. नवरात्रात देवीसमोर एखादी बाई घुमू लागली, तर चाळीत कोणी डॉक्टरकडे धावत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या वर्गीकरणातही धार्मिक वा सांस्कृतिक मान्यतेच्या प्रसंगाबाहेर, इच्छेविरुद्ध येणारी अशी अवस्थाच विकार मानली आहे. रेषा आखलेली आहे. पण ती ओळखायला तपासणाऱ्याला त्या घरचे कुलाचार ठाऊक हवेत आणि बाई स्वतः कोणत्या शब्दांत त्रास सांगते, तेही कळायला हवे. ‘जीव घाबरा होतो’, ‘डोक्यात मुंग्या येतात’ ही तक्रार कोणत्या निकषात बसवायची, हे त्या ११ केंद्रांतील पडताळणीने ठरणार नाही. ते काम इथल्याच बाह्यरुग्ण विभागांत, मराठीतून, दोन डॉक्टरांनी एकच रुग्ण स्वतंत्रपणे तपासूनच व्हावे लागेल.

कायद्याने मात्र या शब्दाच्या मर्यादा पुष्कळ अंशी ओळखल्या आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार समाजात रूढ असलेल्या नैतिक, सांस्कृतिक वा धार्मिक समजुतींशी न जुळणे हा निदानाचा आधार होऊ शकत नाही. पूर्वी उपचार घेतले होते, एवढ्यावरून आज कोणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. त्याच्या कितीतरी आधी, १९८८ मध्ये, राम नारायण गुप्ता खटल्यात पत्नीला स्किझोफ्रेनिया आहे म्हणून घटस्फोट मागणाऱ्या पतीला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. आजाराचे नाव पुरेसे नाही, एकत्र राहण्याची वाजवी अपेक्षाच धरता येऊ नये इतकी त्याची तीव्रता सिद्ध झाली पाहिजे, असा त्या निकालाचा आशय होता. न्यायालयाने नावापलीकडे जाऊन माणसाची अवस्था पाहिली. स्थळ पाहायला आलेली मंडळी अजून नावापाशीच थांबतात आणि म्हणूनच दादरच्या त्या आईला मुलीचा केसपेपर कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवावा लागतो.