सुधारणेची सुरुवात टेबलापासून

नवा अधिकारी रुजू झाला की पहिल्या पंधरवड्यात परिपत्रके निघतात, भिंतींना रंग लागतो आणि हजेरीपटावर लाल शाई उमटते. सहा महिन्यांत कचेरी पूर्वपदावर येते. पाडव्याला पहाटे उठण्याचा संकल्प करणाऱ्या गृहस्थाची अक्षय्यतृतीयेपर्यंत जी गत होते, तीच ही. दोन्ही ठिकाणी उत्साह असतो. तो ओसरल्यावर काम चालू ठेवील अशी व्यवस्था मात्र नसते.

या संदर्भात एका जुन्या प्रयोगाचे स्मरण उद्बोधक ठरेल. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्या वेळच्या अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कचेरीचे दप्तर उघडले. वर्षानुवर्षे साचलेल्या कागदांची छाननी झाली, निरुपयोगी कागद निकाली निघाले आणि उरलेल्यांची शिस्तवार मांडणी झाली. 'लखिना पॅटर्न' हे नाव पुढे राज्यातील कचेऱ्यांत रूढ झाले. त्यात दिपवून टाकणारे काही नव्हते. हवा तो कागद हाताशी येत नाही तोवर जनसेवेच्या गोष्टी व्यर्थ आहेत, एवढेच त्यामागील साधे तत्त्व होते.

आपल्या कचेऱ्यांना परिचित असलेली सहा गठ्ठा पद्धतही याच जातीची आहे. चालू प्रकरणे, प्रतीक्षेतील प्रकरणे, नियतकालिक अहवाल, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाचे कागद आणि नष्ट करावयाचे कागद अशी ती विभागणी. ती लिपिकाकडून त्यागाची अपेक्षा करीत नाही. रोज हातातला कागद योग्य गठ्ठ्यात ठेवावा, एवढेच मागते. माणसाच्या स्वभावात टिकणारा बदलही असाच लहान, ठरावीक आणि रोजच्या कृतीतून घडतो.

कायद्याने आपले काम केलेले आहे. राज्याच्या २००५ च्या बदल्या व विलंब प्रतिबंधक अधिनियमानुसार कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ राहता कामा नये. तरीही निवृत्त शिक्षकाला निवृत्तिवेतनाच्या प्रकरणासाठी खेटे घालावे लागतात. रिक्त पदांमुळे एकेका लिपिकावर दोघादोघांचा भार पडतो, हे खरे आहे आणि ती उणीव शासनाने भरून काढलीच पाहिजे. तथापि नस्ती कोणत्या गठ्ठ्यात आहे हेच ठाऊक नसण्याचे खापर रिक्त पदांवर फोडता येणार नाही.

येथेच वरिष्ठांची कसोटी लागते. ज्यांच्या स्वतःच्या टेबलावर स्वाक्षरीवाचून नस्त्यांची चळत पडली आहे, त्यांनी इतरांना तत्परतेचे धडे देऊ नयेत. शिवाय त्याच कायद्याने अधिकाऱ्याचा सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा धरला आहे. तो जाणार, कचेरी राहणार. म्हणून सुधारणा आपल्या नावावर जमा करण्यापेक्षा ती मागे राहणाऱ्यांच्या हातांत सोपविणे हेच त्याचे खरे कर्तव्य होय. काम कोठे अडते हे लिपिकाइतके कोणास ठाऊक असते? त्याला आधी विचारावे, परिपत्रक नंतर काढावे.

आणि लिपिकानेही परिपत्रकाची वाट पाहू नये. उद्या सकाळी एक गठ्ठा सोडण्यास कोणाच्याही मंजुरीची गरज नाही. त्या गठ्ठ्यात कोणाचे तरी निवृत्तिवेतन असू शकेल.