भाषेवरचा सारा

तारेच्या जमान्यात हिशेब उघडा होता. शब्द मोजायचे, दराने गुणायचे, पैसे भरायचे. दर सरकार ठरवी. वाढला की लोकसभेत जाब विचारता येई. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. आज बोलक्या यंत्रांच्या मालकांनी मापच बदलले आहे, आणि ते कोणत्याही सभागृहाला विचारून नव्हे.

ही यंत्रे मजकुराचे तुकडे पाडून तो वाचतात. त्या तुकड्यांना ‘टोकन’ म्हणतात, आणि यंत्राच्या आधारे इतर सेवा उभारणाऱ्यांकडून बहुधा तुकड्यागणिक मोल घेतले जाते. तुकडे कसे पडावेत हे यंत्राला पुरवलेल्या मजकुरावरून ठरते, आणि तो मुख्यतः इंग्रजी. साहजिकच इंग्रजीतला नित्याचा शब्द अखंड राहतो. मराठी शब्दाच्या चिंधड्या होतात.

ओपनएआय ह्या अमेरिकन कंपनीने मे २०२४ मध्ये स्वतःच दिलेला दाखला पाहावा. नमस्कार-चमत्काराच्या दोन ओळींचे जुन्या पद्धतीत इंग्रजीत २७ तुकडे होत, मराठीत ९६. म्हणजे तेच बोलण्यासाठी मराठी माणसाच्या माथी साडेतीनपट सारा! नव्या पद्धतीत हे आकडे २४ आणि ३३ वर आले, आणि कंपनीने ते मोठ्या अभिमानाने मिरवले. सूट मिळाली, हे खरे. पण दिली कोणी? मालकाने, स्वतःच्या मर्जीने, बाजारपेठ वाढवण्याच्या गरजेपोटी. सावकाराने व्याज उतरवले म्हणून कूळ मुक्त झाले, असे कोणी म्हणेल काय?

‘मग इंग्रजीतच विचारा’ असे सांगणारे शहाणे महाराष्ट्रात थोडे नाहीत. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. त्यांतल्या शेतमजुराने पीकविम्याचा अर्ज कोणत्या भाषेत समजून घ्यावा, ह्याचे उत्तर ह्या शहाण्यांपाशी नाही. मराठीचा खर्च जड म्हणून सेवा इंग्रजीतच उरली, तर त्याला पुन्हा दलालाच्याच दारी उभे राहावे लागेल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात दर्जा दिला. उत्तम झाले. आता राज्य सरकारने ह्या कंपन्यांशी करार करताना एकच अट घालावी : मजकूर तोच, तर दाम तेच. शिवाय विश्वकोशाचे २० खंड जनतेच्या पैशातून उभे राहिले. असा मजकूर ज्या यंत्राला पुरवायचा, त्यावर जनतेचा हक्क कोणता, हे करारातच लिहून घ्यावे. येत्या अधिवेशनात हा प्रश्न विचारण्यासाठी कार्यकर्त्यांनी आपापल्या आमदाराला आजच गाठावे.