सत्कर्माचा शीण नसावा

मार्गशीर्षातील दत्तजयंती आणि ख्रिस्ती बांधवांचा नाताळ हे दोन उत्सव बहुधा मागेपुढेच येतात. एकीकडे औदुंबरातळी पालखी, तर दुसरीकडे गव्हाणीतील बाळाचा जन्मोत्सव. अशा पुण्यकाळी एका ख्रिस्ती साध्वीचे स्मरण करावेसे वाटते. भाविक वाचकांनी दचकू नये. ती साध्वी आमच्याच पुराणिकांच्या घरची लेक होती.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविले, आणि त्या मातेने लेकीस. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडे. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात आईबाप अन्नावाचून गेले. पुढे १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्याच मुलीस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये विवाह झाला. १८८२ मध्ये वैधव्य आले. कडेवर लहानगी मनोरमा होती. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

एवढ्यावरच आमच्या लोकांनी त्यांचे नाव टाकले. परंतु नव्या घरीही त्या मिंध्या होऊन राहिल्या नाहीत. शाकाहार सोडला नाही. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असा प्रश्न केला. जे बुद्धीस व अंतःकरणास पटेल तेच मानीन, हा त्यांचा बाणा धर्मगुरूंनाही जड गेला. श्रद्धा म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावर मान डोलाविणे नव्हे, हे त्यांनी आचरणाने दाखविले.

मार्च १८८९ मध्ये त्यांनी मुंबईस विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. मुलींस कोणी धर्माची सक्ती करणार नाही, असा तेथे करार होता. तथापि बाई प्रार्थनेस बसत तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. यावरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. सल्लागार मंडळातून न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर बाहेर पडले. पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. त्या पालकांची भीती खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. आपल्या लेकीचा धर्म जाईल या शंकेने कोणाचेही काळीज हलेल. परंतु त्याचबरोबर स्वतःस एक प्रश्न विचारावयास हवा: त्या केशवपन केलेल्या बालविधवांसाठी आम्ही त्यापूर्वी कोणते दार उघडले होते? याच सदनात शिकलेल्या गोदूबाई पुढे महर्षी कर्वे यांच्या सहधर्मचारिणी झाल्या, हेही विसरता येत नाही.

बाई खचल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे अनाथ मुलीबायकांना घेऊन आल्या. ज्या उपासमारीने आईबाप नेले, तिच्याच दाढेतून परक्या लेकी सोडविल्या. केडगावच्या मुक्तिसदनात शेती, विणकाम, छपाई, आंधळ्या स्त्रियांचे शिक्षण सारे चालले. ऐकू कमी येत असतानाही हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. १९२१ मध्ये एकुलती मनोरमा गेली, तरी लेखणी थांबली नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी बाईंनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. केडगावचे ते कार्य आजही चालू आहे.

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत अर्जुनास धीर देतात, की कल्याणकारी मनुष्याची दुर्गती होत नसते. योगायोग असा, की ख्रिस्ती शास्त्रातही पौलाने गलतीच्या मंडळीस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्याच अध्यायात चांगले करताना थकू नये, असा उपदेश केला आहे. मार्ग भिन्न आहेत. त्यांची सरमिसळ करण्याचे कारण नाही, आणि बाईंनाही ती रुचली नसती. परंतु पन्नास वर्षे निंदा, वियोग व एकाकीपण सोसून हाती घेतलेले व्रत न टाकणे याला दोन्हीकडे एकच नाव आहे, ते म्हणजे निष्ठा.

आम्ही आयुष्यभर कीर्तनाच्या उत्तररंगात ध्रुव-प्रल्हादांची आख्याने लाविली; या पुराणिककन्येचे आख्यान मात्र कधी लाविले नाही. श्रोते काय म्हणतील, ही भीती होती. ज्या स्त्रीने लोकनिंदेला भीक घातली नाही, तिचे नाव घेण्यास आम्ही लोकनिंदेस भ्यालो, याची आज साठी उलटल्यावर लाज वाटते. आपला धर्म आपण प्राणपणाने पाळावा. मात्र दुसऱ्याच्या अंगणातील तुळस पाहून हात जोडण्यास संकोच नसावा. या उत्सवकाळी प्रत्येक घराने एखादे अर्धवट टाकलेले सत्कर्म पुन्हा हाती घ्यावे आणि ते तडीस न्यावे, हीच दत्तगुरूंच्या चरणी प्रार्थना.