टेकडीची प्रकृती ओळखायला हवी

२५ जून २०१८ रोजी सकाळी, मुसळधार पावसात, अँटॉप हिल परिसरातील एका निवासी संकुलाची संरक्षक भिंत आणि तिच्या आतील जमीन शेजारच्या बांधकामासाठी खणलेल्या खोल खड्ड्यात कोसळली. रहिवाशांच्या अनेक मोटारी ढिगाऱ्याखाली गेल्या. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. त्यानंतर चर्चा झाली ती परवानग्यांची आणि दोष कोणाचा याची. ती आवश्यकच होती. परंतु जी जमीन खचली तिची प्रकृती काय, हा मूलभूत प्रश्न मात्र मागे पडला.

अँटॉप हिल हे नाव अंतोबा नावाच्या जुन्या जमीनमालकावरून आले, असे मानले जाते. पूर्वीच्या परळ बेटाच्या पूर्व काठावरची ही टेकडी. तिच्या पायथ्याशी खाडीचा चिखल आणि मिठागरे होती. कोकरी आगर या वस्तीचे नाव आजही त्याची साक्ष देते. म्हणजे काही शे पावलांच्या अंतरात येथे खडक, चिखल आणि माणसाने टाकलेला भराव अशी तीन प्रकारची जमीन आढळते. नकाशावर या साऱ्यांना एकच रंग असतो. पाऊस मात्र त्यांच्यात भेद करतो.

महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी झालेल्या लाव्हाच्या उद्रेकांतून घडला. आज या दख्खनी खडकांचा विस्तार सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. मुंबईचे खडक त्यातील उत्तरकालीन, म्हणजे सुमारे सहा ते सव्वासहा कोटी वर्षांपूर्वीचे. सह्याद्रीत लाव्हाचे थर बहुतांशी आडवे दिसतात, तर मुंबईत ते समुद्राकडे कललेले आहेत. शहराच्या पश्चिमेकडील मलबार हिल ते वरळी ही रांग कठीण बेसॉल्टची आहे. शिवडी, अँटॉप हिल, तुर्भे या पूर्वेकडील पट्ट्यात मात्र ज्वालामुखीच्या राखेचे थर आणि राखेत रुतलेल्या दगडगोट्यांचे मिश्रखडक मोठ्या प्रमाणात आहेत. राखेपासून बनलेला खडक बेसॉल्टच्या तुलनेत लवकर कुजतो आणि त्याची चिकणमाती होते. पाणी मुरले की ही माती जड होते, तिची पकड सुटते आणि उतारावरचा भाग खाली सरकू लागतो.

खडकाखडकांतील हा फरक मुंबई परिसरातील लेण्यांतही पाहावयास मिळतो. घारापुरीची त्रिमूर्ती बेसॉल्टमध्ये कोरलेली आहे. शतके लोटली तरी तिच्या मुद्रेवरील भाव स्पष्ट आहेत. जोगेश्वरीचे भव्य लेणे मिश्रखडकात आहे आणि तेथील शिल्पे झिजून ओळखू न येण्याइतकी पुसट झाली आहेत. दोन्हीकडे कारागिरांचे कौशल्य कमी नव्हते. फरक पडला तो खडकामुळे.

खडक बदललेला नाही, पण पाऊस बदलतो आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच शहरात कुलाब्याला तो जेमतेम ७३ मिलिमीटर होता. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पयुक्त वाऱ्यांतील वाढते चढउतार हे त्याचे एक प्रमुख कारण. जो उतार महिनाभर पडणारा संततधार पाऊस सोसतो, तो तेवढेच पाणी काही तासांत कोसळल्यावर टिकेलच असे नाही.

याची किंमत महाराष्ट्राने वारंवार मोजली आहे. जुलै २००० मध्ये घाटकोपर, जुलै २००५ मध्ये साकीनाका, ३० जुलै २०१४ रोजी माळीण, जुलै २०२१ मध्ये चेंबूर, विक्रोळी आणि तळिये, १९ जुलै २०२३ रोजी इर्शाळवाडी. एकट्या माळीणमध्ये दीडशेहून अधिक माणसे गेली. प्रत्येक वेळी या घटनांना ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हटले गेले. वास्तविक पाहता पाऊस नैसर्गिक असतो आणि खडकही नैसर्गिक असतो. परंतु टेकडीचा पायथा खणणे, उतारावरचे झरे व ओघळ बुजवणे आणि त्यावर घरे उभी राहू देणे या कृती माणसाच्या आहेत.

दरवर्षी पावसाळ्यापूर्वी उतारावरील झोपड्यांना नोटिसा लावल्या जातात. ज्याला जाण्यास दुसरी जागा नाही त्याला नोटीस देऊन त्याचा जीव वाचत नाही, केवळ प्रशासनाची जबाबदारी कागदोपत्री संपते. शिवाय २०१८ ची घटना झोपडपट्टीतील नव्हती. ती रीतसर संकुलातील होती. त्यामुळे हा प्रश्न केवळ अनधिकृत वस्तीचा आहे, हा समज सोडावा लागेल.

संरक्षक भिंत हाही संपूर्ण उपाय नव्हे. भिंतीमागे साचलेल्या पाण्याला वाट नसेल तर तीच भिंत पाण्याच्या दाबाने कोसळते आणि खालच्या घरांवर पडते. म्हणून टेकडीजवळ कोणतेही खोदकाम करण्यापूर्वी भूवैज्ञानिक तपासणी बंधनकारक व्हावी आणि तिचा अहवाल शेजारच्या रहिवाशांना मराठीतून वाचावयास मिळावा. माथ्यावरील पाणी वळविणारे चर आणि भिंतीतील निचऱ्याची छिद्रे दर वर्षी मे महिन्यातच साफ व्हावीत. अतिधोक्याच्या उतारावरील कुटुंबांचे पुनर्वसन त्यांच्या रोजगाराच्या जवळपास व्हावे. अन्यथा ती पुन्हा तेथेच परततील.

भूमीला माता म्हणणाऱ्या समाजाने तिची प्रकृती जाणून घेणे हे पहिले कर्तव्य ठरते. अँटॉप हिलचा खडक कोट्यवधी वर्षे ऊनपाऊस सोसत आला आहे. त्याचा पायथा किती खणायचा, हे ठरविण्याआधी त्याची तपासणी करण्यास काही आठवडे पुरेसे आहेत. तेवढा वेळ या शहराने काढलाच पाहिजे.