साडेसात एचपीची खोड आणि कड्यावरचं ड्रिल

आमच्या बारामती-इंदापूरकडच्या माणसाला मशीन म्हटलं की पहिला प्रश्न सुचतो, "किती एचपीचं?" नदीवरच्या मोटारीपासून लागलेली सवय आहे ही. पाचच्या मोटारीत भागत असलं तरी साडेसातची घ्यायची, कारण शेजारच्याची साडेसातची आहे. उसाला पाणी देताना ते खपून जातं. पण आता आपली क्लायंबिंगवाली पोरं कड्यावर बोल्ट मारायला बॅटरीवरचं रोटरी हॅमर घेतानाही हाच हिशोब लावायला लागली आहेत, आणि त्याला माझा सक्त विरोध आहे.

(नातेवाईकांसाठी खुलासा: बोल्ट म्हणजे कातळात भोक पाडून पक्की बसवलेली मेख. चढणारा पडला तर दोर तिच्यावर तोलला जातो. ते भोक पाडायचं हे यंत्र. फर्निचरचा उद्योग सुरू केलेला नाही, काकू!)

दुकानदार सगळ्यात मोठं मशीन पुढे करतो. पाच-सहा किलोचं धूड. स्लॅब फोडायला उत्तम. पण इथे माणूस हार्नेसवर लोंबकळतोय, एक हात खडकाला, पाय कुठेतरी कसेबसे टेकलेले, आणि ते धूड डोक्याच्या वर धरायचंय. दहा मिलिमीटरचं भोक, ऐंशी मिलिमीटर खोल, एवढंच तर काम! त्याला एसडीएस-प्लस चकचं, दोन ज्यूलच्या आसपास ठोका देणारं, बॅटरीसकट तीनेक किलोचं मशीन पुरतं. भोक दहाचं बाराचं केलंत तर ४४ टक्के जास्त दगड बाहेर काढावा लागतो, म्हणजे बॅटरी तेवढी लवकर बसते. ठिसूळ खडकात बारा मिलिमीटर हवेच, तिथे वाद नाही. पण "बारा कधीही बरे" हे पुन्हा साडेसात एचपीच झालं.

याच्या उलट टोकाचे काही जण स्वस्तातलं इम्पॅक्ट ड्रिल आणतात. बाजारात दोन्हींना "हॅमर मशीन"च म्हणतात, घोळ तिथेच होतो. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दातेरी चकत्या एकमेकींवर घासून थरथर निर्माण होते आणि तुम्ही मागून जोर लावाल तेवढंच ते काम करतं. रोटरी हॅमरमध्ये दट्ट्या हवेच्या दाबाने स्वतःच ठोका देतो, आपण नुसतं सरळ धरायचं. जमिनीवर उभं राहून तुम्ही मशीनवर छाती टेकवाल हो, पण दोरावर लोंबकळताना मशीन ढकललं की आपणच मागे जातो! मग कसला जोर लावणार?

आणि "एका चार्जमध्ये इतकी भोकं" हा छापील आकडा बहुधा काँक्रीटचा असतो. आपला खडक काँक्रीट नव्हे. तैलबैला काय, लिंगाणा काय आणि आपल्या इंदापुरातली विहीर काय, सगळा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचाच बेसाल्ट. (आमच्या तालुक्यात डोंगर नाही म्हणून भिगवणचे फ्लेमिंगो बघून समाधान मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, सह्याद्री आपल्या पायाखालीच आहे.) तेव्हा विहिरीच्या काठावर काढून टाकलेल्या काळ्या पाषाणात भोकं पाडून मोजा आणि मग किती बॅटऱ्या लागतील ते ठरवा. विहीर खोदणारे दगड वाजवून बघतात. टणटण वाजला तर भरीव, भद्द वाजला तर पोकळ किंवा सुटा. कड्यावर हेच हातोडीने करायचं असतं, ते कुठलंही मशीन करून देत नाही.

सगळ्यात संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. वर्गणी काढून भारी मशीन घ्यायचं, पैसे संपले की मग हार्डवेअरच्या दुकानातले शेड उभारायचे जस्त चढवलेले अँकर फास्टनर कड्यावर मारायचे! ईएन ९५९ किंवा यूआयएए १२३ ही खूण नसलेल्या प्लेटवर कुणाच्या तरी पोराचा जीव टांगायचा? घाटमाथ्यावर चार महिने पाऊस झोडपतो. जस्त जातं, आत गंज चढतो आणि बाहेरून प्लेट मात्र चकचकीत दिसते. बजेट कमी असेल तर मशीन एका ग्रुपने घ्या, बाकीच्यांनी भाड्याने किंवा उसनं न्या. पण बोल्ट स्टेनलेसचेच, आणि भोक ब्रशने घासून, पंपाने फुंकून साफ केल्याशिवाय त्यात काही घालायचं नाही. पीठ आत राहिलं तर पकड येत नाही.

छन्नी-हातोड्याने भोक पाडायचे ते दिवस फार थोर होते असं मी म्हणत नाही, हाताचे पार तुकडे पडायचे. पण एका भोकाला अर्धा तास लागणार म्हटल्यावर "इथे खरंच हवा का?" हा प्रश्न आपोआप पडायचा. आता मिनिटभरात भोक होतं. रायगड, लोहगड, शिवनेरी हे तर १९५८च्या कायद्याने संरक्षित, २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीतही गेले. तिथे परवानगीशिवाय ड्रिल लावणं हा सरळ गुन्हा आहे, "किल्ल्याच्या बाहेरचा कडा आहे" म्हणून सुटका होईल या भ्रमात राहू नका.

ज्यांना मशीन घ्यायचंच आहे त्यांनी आधी दुकानात ते हातात घेऊन, हात डोक्यावर ताणून, दोन मिनिटं धरून बघावं. दुकानदार हसेल. हसू द्या.